श्वास मोजणारा योगी

भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात मी ३१ वर्षे सिस्टर होते. त्यातली शेवटची आठ वर्षे, प्लँट हलल्यामुळे, चाकणला. या काळात माझ्या हातून किती दंडांना रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला गेला, याचा हिशेब मी ठेवला नाही. पण फोर्ज शॉपमधला दंड कोणता आणि अकाउंट्समधला कोणता, हे डोळे मिटून सांगता येईल इतका तो मोठा असावा. वार्षिक तपासणीचे दिवस आले की दवाखान्याबाहेरच्या बाकावर रांग लागे. रात्रपाळी उतरून आलेली माणसे, डोळे तांबारलेले, घरी जायची घाई. पट्टा आवळायचा, पारा चढायचा, हळूहळू उतरू लागायचा आणि एखाद्याच्या बाबतीत जिथे ऐकू यायला नको तिथेच कानात ठोके सुरू व्हायचे. त्या माणसाला मात्र काहीच होत नसे. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, जेवण व्यवस्थित. या दुखण्याची लबाडी ती हीच.

असाच आमच्याकडे एक फिटर होता. वय पंचेचाळीसच्या आत, हाडापेराने मजबूत, भजनात पखवाज वाजवणारा. वरचा आकडा १७० आणि खालचा १०५. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. त्या सुमारास घरोघरी पहाटे टीव्हीसमोर सतरंजी अंथरून लोक नाकपुड्या दाबू लागले होते. मीही त्याला सांगितले, की रोज दहा मिनिटे शांत बसून सावकाश श्वास घेत जा, फायदा होतो. माझे सांगणे खोटे नव्हते. पण त्याने ऐकले ते वेगळे. दोन-तीन महिन्यांनी तपासणीत दाब उतरलेला दिसला, तो त्याने श्वासाच्या खात्यावर जमा केला आणि गोळ्या बंद केल्या. कुणाला बोलला नाही. दिवाळीनंतरच्या आठवड्यात सकाळी दाढी करताना त्याचा डावा हात गळून पडला. जीव वाचला, हात गेला तो गेलाच.

गोळ्या बंद कर असे मी त्याला म्हटले नव्हते. बंद करू नकोस, असेही म्हटले नव्हते. हे दुसरे वाक्य माझ्या मनातून जाता जाईना. श्वासाने रक्तदाब खरोखर उतरतो का, किती उतरतो, आणि हे पहिल्यांदा मोजले तरी कुणी, याचा शोध मी निवृत्तीनंतर घेऊ लागले, त्याचे मूळ तिथे आहे. आणि गंमत अशी, की उत्तरासाठी फार लांब जावे लागले नाही. आकुर्डीहून सकाळची लोकल पकडली. देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली. पुढचे स्टेशन लोणावळा. चिक्कीच्या दुकानांपुढून रिक्षा केली की थोड्याच वेळात स्वामी कुवलयानंद मार्गावर कैवल्यधामचे फाटक येते. आयुष्यभर पावसाळी सहलीला या गावात गेले, धबधब्याखाली भिजले, भुट्टे खाल्ले. पण त्या फाटकातून आत कधी पाऊल टाकले नव्हते. आपल्या पट्ट्यातल्या बहुतेकांची हीच गोष्ट असेल.

कुवलयानंद हे नाव नंतरचे. मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, बडोदे संस्थानातल्या डभोई गावी, मराठी घरात. घरची परिस्थिती ओढगस्तीची. शिक्षण झाले ते कष्टाने आणि बुद्धीच्या जोरावर. १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. ज्यांच्या घरात जुन्या पिढीतले कुणी मास्तर होऊन गेले असतील त्यांना या शिष्यवृत्तीचा मान काय होता ते सांगायला नको. बडोदे कॉलेजात प्रवेश मिळाला. तिथे त्या वेळी अरविंद घोष शिकवत होते, आणि बाहेर सगळीकडे लोकमान्य टिळकांचे वारे होते. या दोघांचा ठसा या मुलावर उमटला. देशासाठी काहीतरी करायचे आणि त्यासाठी ब्रह्मचारी राहायचे हे त्याने ठरवून टाकले आणि ते शेवटपर्यंत पाळले.

१९०७ पासून तीन वर्षे तो बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली घडला. लाठी, कुस्ती, मल्लखांब. म्हणजे योगाकडे हा माणूस आला तो आखाड्याच्या वाटेने, पोथीच्या वाटेने नव्हे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. शरीर म्हणजे काय, ते थकते कसे, घामाने निथळते कसे, हे त्याने आधी अंगाने शिकून घेतले होते. पुढे तो खानदेशात अमळनेरला शिक्षक म्हणून गेला आणि तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. प्रतापशेठांचे अमळनेर, ज्या गावात नंतर साने गुरुजींनी मुले घडवली तेच. सरकारच्या डोळ्यांत खुपणारे ते कॉलेज फार काळ टिकले नाही.

१९१९ च्या सुमारास नर्मदाकाठच्या मालसर गावी परमहंस माधवदासजी नावाचे वृद्ध योगी त्यांना भेटले. मूळचे बंगाली, देशभर फिरून शेवटी नर्मदेकाठी स्थिरावलेले. त्यांच्याजवळ आधी शिकून गेलेला आणखी एक तरुण, मणिभाई देसाई, पुढे योगेंद्र नावाने प्रसिद्ध झाला आणि त्याने १९१८ साली मुंबईजवळ वर्सोव्याला योग संस्था काढली. एका गुरूच्या ओसरीवरून उठलेल्या या दोन शिष्यांनी आधुनिक काळातला योग गुहेतून काढून गावात आणला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पैकी योगेंद्रांनी तो घराघरांत नेला. गुण्यांना मात्र वेगळाच प्रश्न छळत होता. गुरूंनी शिकवलेल्या क्रियांचा परिणाम दिसतो आहे, हे खरे. पण तो का होतो? आत नेमके काय घडते?

इथे मला हा माणूस आपला वाटू लागला. कारण त्याने या प्रश्नाचे उत्तर ध्यानात शोधले नाही. तो इस्पितळात गेला. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळातल्या प्रयोगशाळेत, क्ष-किरण यंत्रासमोर, उड्डियान आणि नौली करणारी माणसे उभी करून त्याने चित्रे घेतली. पोट आत खेचल्यावर पडदा किती वर जातो, आतडी कुठे सरकतात. मग दाब मोजणारी नळी. बस्ती या जुन्या क्रियेत योगी पाण्यात बसून आतड्यात पाणी ओढून घेतात. हे पाणी अपानवायूच्या बळाने वर चढते, अशी समजूत होती. गुण्यांनी मोजून दाखवले, की नौली करताना पोटातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि त्या पोकळीमुळे पाणी आपोआप आत येते. चमत्कार राहिला नाही, पंप झाला. या पोकळीला त्याने आपल्या गुरूचे नाव दिले, माधवदास निर्वात. परंपरेतले स्पष्टीकरण पुसायचे आणि त्याच जागी परंपरेतल्या गुरूचे नाव लिहायचे, हे जमायला मनाची काही वेगळीच घडण लागते.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झाले आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे त्रैमासिक. आजही ते मासिक चाळताना नवल वाटते. एक भाग निव्वळ शास्त्रीय, दुसरा निमशास्त्रीय, तिसरा सर्वसामान्य वाचकासाठी. आधी प्रयोग, तक्ते, क्ष-किरण चित्रे. मग सोप्या शब्दांत आसन कसे करावे ते. जगात योगावर प्रयोगशाळेतून निघालेले हे पहिलेच नियतकालिक, आणि ते निघत होते खंडाळ्याच्या घाटमाथ्यावरून, जिथे तेव्हा पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी धरत असणार.

आता माझ्या पट्ट्याकडे येते. दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि पाऱ्याची नळी ही इटलीच्या रिवा-रोची या डॉक्टरची १८९६ सालची कल्पना. स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकायचे आणि वरचा-खालचा असे दोन आकडे काढायचे, ही युक्ती रशियाच्या कोरोत्कोव्हने १९०५ साली सांगितली. म्हणजे कुवलयानंदांनी (एव्हाना गुणे हे नाव मागे पडले होते) हे यंत्र हाती घेतले तेव्हा ते पुरते जुनेही झाले नव्हते. १९२६ च्या योगमीमांसेत त्यांचे रक्तदाबावरचे प्रयोग छापून आले. सर्वांगासन, मत्स्यासन, शीर्षासन यांत दाब किती बदलतो? उलट्या आसनांत तो चढतो, हे त्यांनी झाकले नाही. जोरकस व्यायामात जितका चढतो तितका चढत नाही, एवढेच दाखवले. आणि दाब मुळात ज्याचा जास्त आहे त्याने शीर्षासन आपल्या मनाने करू नये, हे पुस्तकात लिहिले. आसनाचा प्रचार करायला बसलेल्या माणसाने आसनाचा धोका आकड्यांनिशी सांगावा, ही गोष्ट मला त्या निष्कर्षांपेक्षाही मोलाची वाटते.

पुढच्याच वर्षी एक मोठा रुग्ण त्यांच्या वाट्याला आला. मार्च १९२७ मध्ये गांधीजी खादीच्या दौऱ्यावर महाराष्ट्र-कर्नाटकात हिंडत होते. दिवसाला चार-पाच सभा, रात्री प्रवास, पहाटे पत्रे. कोल्हापूरला त्यांची प्रकृती एकाएकी ढासळली. रक्तदाब फार वाढल्याचे निघाले आणि दौरा थांबवावा लागला. आंबोलीला आणि मग बंगळूरजवळच्या नंदी टेकडीवर त्यांना विश्रांतीसाठी ठेवण्यात आले. आज आपल्याकडे निदान गोळी असते. तेव्हाच्या डॉक्टरच्या पिशवीत या दुखण्यावर भरवशाचे काहीच नव्हते. विश्रांती घ्या, मीठ-मसाला सोडा, काळजी करू नका, इतकेच. सर्पगंधा या आपल्या मुळीचा उपयोग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी इंग्रजी वैद्यकीय मासिकात मांडला तो १९४९ साली, आणि लघवी वाढवून दाब उतरवणाऱ्या आजच्या ओळखीच्या गोळ्या आल्या त्या १९५८ नंतर.

नंदीवरून गांधीजी आणि लोणावळ्याहून कुवलयानंद यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. कोणती आसने करावीत, किती वेळ, शवासन कसे करावे, केल्यानंतर दाब किती भरला. एकीकडे स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची खोड असलेला रुग्ण, दुसरीकडे आकडे मागणारा योगी. जोडी छान जमली म्हणायची. अर्थात, पत्रातून आसने शिकवणे किती अवघड, ते दवाखान्यात हात धरून श्वास शिकवणाऱ्या माझ्यासारखीला विचारा. कुवलयानंदांनी महात्म्याचा रक्तदाब बरा केला, अशी जाहिरात करण्याची संधी या प्रकरणात होती. कुणीही केली असती. गांधीजी त्या वर्षी हिंडूफिरू लागले, त्यात विश्रांतीचा, नंदीच्या थंड हवेचा आणि आहाराचा वाटा किती आणि आसनांचा किती, हे वेगळे काढता येत नाही. आणि दाबाने गांधीजींची पाठ नंतरही पुरती सोडली नाही.

प्राणायामाकडे त्यांनी तशाच नजरेने पाहिले. खोल श्वास घेतला की जास्त प्राणवायू मिळतो, म्हणून तब्येत सुधारते, असे आजही व्यासपीठावरून सर्रास सांगितले जाते. मीही दवाखान्यात कितीतरी जणांना हेच सांगितले आहे, लपवू कशाला! कुवलयानंदांनी १९३० नंतरच्या काळात श्वासाची हवा गोळा करून तपासली. आत गेलेला प्राणवायू किती, बाहेर आलेला कार्बन डायॉक्साइड किती. त्यांना असे आढळले, की तितक्याच वेळात साध्या श्वासाने जेवढा प्राणवायू मिळतो, त्याहून प्राणायामात जास्त मिळत नाही. तेव्हा प्राणायामाचा उपयोग असलाच, तर तो फुप्फुसात जादा हवा भरण्यात नाही. छाती-पोटातल्या दाबांच्या चढउतारात आणि मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामात तो शोधला पाहिजे, असा त्यांचा रोख होता. येल विद्यापीठातून कोवूर बेहनन नावाचा मलयाळी संशोधक याच सुमारास वर्षभर त्यांच्याजवळ राहून शिकून गेला. त्याने स्वतःवर केलेल्या मोजमापांत काही प्राणायामांत प्राणवायूचा खप वाढलेला दिसला. गुरू-शिष्यांचे आकडे जुळले नाहीत. दोघांनीही आपापले छापले.

१९३१ साली आसनांवरचे आणि प्राणायामावरचे अशी त्यांची दोन पुस्तके निघाली. त्यातला प्राणायामाचा उपदेश आश्चर्य वाटावे इतका सावध आहे. आरोग्यासाठी करणाऱ्याने श्वास कोंडण्याच्या फंदात पडू नये, श्वास सोडायला घेण्याच्या दुप्पट वेळ द्यावा, आणि कुठेही धाप लागता कामा नये.

त्यांच्या आयुष्याचा पुढचा भाग संस्था उभारण्याचा आहे. तो महत्त्वाचा असला, तरी इथे धावत सांगते. १९३२ साली मुंबईत सांताक्रूझला शाखा, १९३६ पासून ती मरीन ड्राइव्हवर. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षण मंडळाचे अध्यक्षपद. १९५० साली लोणावळ्याला योगाचे महाविद्यालय. १९६० नंतर रुग्णालय. शाळेच्या मैदानावर आपण सगळ्यांनी जी आसने रांगेत उभे राहून केली, त्यामागे या माणसाचे कितीतरी कागद आणि कमिट्या आहेत. मोतीलाल नेहरूंपासून अनेक बडी मंडळी लोणावळ्याला येऊन गेली. १९५७ साली वेंगर आणि बागची हे अमेरिकेतले शास्त्रज्ञ मेंदूचे आणि हृदयाचे आलेख काढणारी यंत्रे घेऊन भारतभर फिरले, तेव्हा लोणावळ्याच्या साधकांनाही त्यांनी तारा जोडल्या. १९६३ साली डॉ. एस. एल. विनेकर यांच्यासह लिहिलेले यौगिक चिकित्सेवरचे पुस्तक केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने काढले. १८ एप्रिल १९६६ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी ते गेले.

पण माझा प्रश्न अजून सुटला नव्हता. आसनात दाब चढतो की उतरतो, हे त्यांनी मोजले. रक्तदाबाच्या रुग्णाचा दाब महिनोन्महिने उतरून राहतो का, हे ठरवायला मोठे इस्पितळ, रुग्ण आणि डॉक्टर हवेत. ते काम त्यांच्या पश्चात झाले, आणि त्यात लोणावळ्याचे विनेकर होते.

मुंबईच्या केईएम इस्पितळातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी देशमुख, दळवी आणि विनेकर यांच्यासह ४७ रुग्णांना शवासन शिकवले आणि त्याचा निबंध १९६९ साली अँजिऑलॉजी या परदेशी मासिकात छापला. त्यांचे शवासन म्हणजे नुसते आडवे पडणे नव्हते. उताणे झोपायचे, पाय थोडे फाकलेले, हात अंगापासून दूर. श्वास पोटाने, सावकाश, एका लयीत. घेतल्यावर क्षणभर थांबायचे, सोडल्यावर त्याहून थोडे जास्त. मग लक्ष नाकपुड्यांवर आणायचे: आत जाणारा श्वास गार लागतो, बाहेर येणारा कोमट. अर्धा तास, रोज. यातल्या दहा जणांना कोणतेही औषध चालू नव्हते. त्यांचा सरासरी दाब (हा वरचा आकडा नव्हे, वरच्या-खालच्यातून काढलेला मधला) १३४ वरून १०७ वर आला. ज्यांचा दाब गोळ्यांनी ताब्यात होता, त्यांच्यात गोळ्यांची गरज जवळजवळ एक तृतीयांशावर आली. पण काहींना काहीच गुण आला नाही, आणि तेही निबंधात लिहिले आहे.

हे वाचून मी एकदम हरखून गेले होते. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर शंका येऊ लागल्या. दवाखान्यात वारंवार येणाऱ्याचा दाब नुसत्या सवयीनेही उतरतो, हे मी स्वतः पाहिले आहे. पहिल्या भेटीत सिस्टरच्या पांढऱ्या कपड्यांना बिचकणारा माणूस चौथ्या भेटीत गप्पा मारतो आणि पारा दहाने खाली येतो. केईएमच्या त्या कामात शवासन न करणाऱ्यांचा वेगळा गट तुलनेला नव्हता. तो ठेवला डॉ. चंद्रा पटेल यांनी. इंग्लंडमधल्या क्रॉयडनच्या या बाईंनी १९७३ मध्ये आणि पुढे १९७५ मध्ये लान्सेट मासिकात आपले काम छापले. दुसऱ्या वेळी ३४ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला शवासनासारखी शिथिलता आणि यंत्राच्या मदतीने मन शांत करण्याचे शिक्षण, दुसऱ्याला नुसती विश्रांती. दाब दोन्ही गटांत उतरला, पण शिकलेल्यांचा कितीतरी जास्त. म्हणजे माझी शंका रास्त होती, आणि लोणावळ्याचे म्हणणेही.

श्वास हे करतो कसे, याचे आज मिळणारे उत्तर थोडक्यात असे. मानेतल्या मोठ्या रोहिणीत आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत दाब ओळखणारे मज्जातंतू असतात. दाब वाढला की ते मेंदूला खबर देतात आणि मेंदू हृदयाला सबुरीने घ्यायला सांगतो. जुन्या रक्तदाबात ही यंत्रणा बोथट होते. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले, तर ती त्या वेळेपुरती पुन्हा तल्लख होते आणि दाब उतरतो, हे २००५ सालच्या एका अभ्यासात दिसले. त्याआधी २००१ साली इटलीच्या लुचानो बर्नार्दी यांनी दाखवले होते, की लॅटिन भाषेतली माळेवरची प्रार्थना काय किंवा तिबेटी मंत्र काय, म्हणताना माणसाचा श्वास आपोआप मिनिटाला सहावर येतो. हे वाचताना मला आमच्या आळंदी-देहूच्या टापूतला हरिपाठ आठवला. त्याची लय अजून कुणी घड्याळ लावून मोजली आहे की नाही कुणास ठाऊक. मोजायला हरकत नाही.

आणि उतरतो तो किती? बहुतेकांचा थोड्या अंकांनी, काहींचा जास्त, काहींचा नाहीच. रोज केला तर. सोडला की गेला. ज्याचा दाब नुकताच काठावर आला आहे त्याला मीठ, वजन, चालणे यांच्या जोडीने तेवढे पुरेलही. १७० वर १०५ असणाऱ्याला पुरणार नाही. त्याने श्वासही करावा आणि गोळीही घ्यावी. कमी करायची वेळ आली तर ती डॉक्टरांनी करावी, दाब मोजून. दाब ताब्यात नसताना कपालभाती-भस्त्रिकेसारखे झटक्याचे प्रकार आणि श्वास कोंडणे टाळावे. हे मी आता चाकणच्या आमच्या महिला मंडळात प्रत्येक वेळी सांगते. पहिल्यांदा हे, मग सतरंजी.

त्या फिटरने लवकर निवृत्ती घेतली. तो आता राजगुरुनगरच्या अलीकडच्या आपल्या गावी असतो. महिन्यातून एकदा मी जाते. पाऱ्याचे यंत्र आता कोण बाळगतो. पर्समध्ये मावणारे, बॅटरीवर चालणारे नेते. गेल्या खेपेला ओसरीवर चटई टाकून त्याला शवासन करायला लावले. डावा हात त्याच्या ताब्यात नसल्याने सैल सोडायचा प्रश्नच नाही, हे तोच हसून म्हणाला. मला काही हसता आले नाही. अर्धा तास मी उंबऱ्यावर बसून त्याचे श्वास मोजले. आधी मिनिटाला सोळा, शेवटी सात. मग त्याला उठवून खुर्चीत बसवले, पाय जमिनीला टेकवले, पाच मिनिटे बोलू दिले नाही, आणि उजव्या दंडाला पट्टा बांधला. १३६ वर ८४. वहीत लिहिले. आतून त्याची बायको गोळीचे पाकीट आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.